शेजारच्या खुर्चीतला तपासनीस

पहिली भेट जिन्यात झाली. मी फायली सांभाळत वर, तो लॅपटॉप सांभाळत खाली... वाट देताना तो हसला. तासाभरात तोच माणूस परीक्षा विभागात माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला, तेव्हा कळलं, ते हसणं फुकटचं नव्हतं.

विद्यापीठाची नवी सिस्टीम कर्मचाऱ्यांना नीट वापरता येते का, हे बघायला आलाय म्हणे. म्हणे! माझी नोकरी कंत्राटी, मुदत संपत आलेली. मी जरा अडखळले की याचं पेन चालू. वर गोड आवाजात विचारणार, "इथे का थांबलात?" मी कसली सांगते!

मीही काही कमी नाही. जेवणाच्या सुट्टीत गुण भरण्याचा सराव केला. कोणतं बटण दोनदा दाबायचं, पान कुठे अडकतं, सगळं पाठ. दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर झरझर गुण भरले आणि ऐटीत मान वळवली. त्याचा चेहरा पडलेला.

"सराव केलात ना?" तो हळूच म्हणाला.

"मग? गुन्हा आहे?"

"नाही... पण तुमचं बघून साहेब म्हणतील, सिस्टीम उत्तम आहे, बाकीचेच मठ्ठ. मग मावशींचं काय?"

मावशी म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात जुन्या, नव्या सिस्टीमपुढे रोज रडकुंडीला येणाऱ्या. मला बोलतं करायची ही चाल असणार, मी ओळखलं. तरी मावशींचं नाव निघाल्यावर गप्प बसवेना. फेरतपासणीचे अर्ज उघडले; त्यांचा सराव केलाच नव्हता. पान अडकलं, भरलेलं सगळं गायब झालं. पुन्हा भरलं, पुन्हा गायब. माझे डोळे भरून आले. गेली नोकरी, म्हटलं.

"ही चूक सिस्टीमची," तो म्हणाला. "अहवालात तेच लिहीन, कोणाचंही नाव न घेता." मग पेन खिशात ठेवत, माझ्याकडे न बघता — "उद्यापासून इथे माझा सहकारी येईल."

"का? माझं काम इतकं वाईट आहे?"

"तपासणाऱ्यानं तटस्थ राहायचं असतं... तुमच्याशेजारी मला ते जमत नाही."

माझे कान तापले. तरी विचारलंच, "हे प्रत्येक विभागात सांगता?"

"बाकीच्या विभागांत मी फक्त सिस्टीम बघतो."

"माझा अजून विश्वास नाही बसलेला."

"मग काय करू?"

"उद्या ऑफिस सुटल्यावर भेटा," मी म्हटलं. "तुमच्यावर लक्ष ठेवायला हवं... चांगली बरीच वर्षं."