केलेले बदल मागे घेत आहोत

म्हसावदच्या बाजारपेठेतल्या फोटो स्टुडिओत संगणकाचं अपग्रेड एकदाचं यशस्वी झालं. असो. ते झालंच नाही असं धरून पुढं चालू. स्टुडिओचा मालक तौफिकही तसंच धरून चालतो.

मंगळवारी सकाळी त्यानं या कामाला हात घातला तो नाइलाजानं. नवा प्रिंटर जुन्या सिस्टिमला ओळखच दाखवत नव्हता, लग्नात रुसलेल्या व्याह्यासारखा. शहाद्याचा ललित संगणक दुरुस्त करतो, जमलं नाही तर फोनवरून धीर देतो. तो म्हणाला, "डेटा कोठेच जात नही, भो. बटन दाब नि च्या पी."

तौफिकनं बटण दाबलं, चहा प्यायला. अडतीस टक्क्यांवर आकडा थांबला. अर्ध्या तासानं निळ्या पडद्यावर ओळ आली: 'अपग्रेड पूर्ण होऊ शकलं नाही. केलेले बदल मागे घेत आहोत. संगणक बंद करू नका.'

शेजारी चहाचा ग्लास भरलेला होता. वर साय धरलेली.

आपण प्यायलोच नसू, असं त्यानं ठरवलं. अपग्रेडच्या दिवशी माणसानं स्वतःवर फार विश्वास ठेवू नये.

दुपारी दुसरा प्रयत्न. बावन्न टक्के, आणि पुन्हा तीच ओळ. तेवढ्यात दारात उखा. सकाळी गुळगुळीत दाढी करून फोटो काढून गेलेला उखा. आता गालांवर चार दिवसांचे खुंट.

"तौफिकभाऊ, फोटो काढना शे."

"सकायलेच तं काढा ना तुन्हा."

"मन्हा? मी तं आत्ते उनू." उखानं गाल खाजवला. "पहिले दाढी करी येऊ का?"

"करी ये," तौफिक म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

बुधवारी सकाळी तिसरा प्रयत्न चौसष्ट टक्क्यांवर पडला. तौफिक बाहेर आला तर दिवाळीत हिरवं रंगवलेलं शटर निळं होतं. जुनं निळं, पोपडे धरलेलं. भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर लटकत होतं.

तो हिशेबी माणूस. चहा अर्ध्या तासाचा, उखा अर्ध्या दिवसाचा, शटर आठ महिन्यांचं. दर फसलेल्या अपग्रेडला बदल अधिकाधिक मागे जात होते.

अम्मीला जाऊन चौदा महिने झाले होते.

अम्मी, म्हणजे रशिदाबी, तीस वर्षं मागच्या कापडी पडद्याआड, कॅमेऱ्याशेजारच्या स्टुलावर बसून पासपोर्ट फोटो कात्रीनं कापायची. चौथा कोपरा हमखास तिरका. गिऱ्हाईक समोर बसलं की म्हणायची, "मान वर." अर्ध्या गावाचे चेहरे त्या संगणकात होते. तिचा एकही नव्हता. काढूच द्यायची नाही.

तौफिकनं चौथ्यांदा बटण दाबलं. एकाहत्तर टक्क्यांवर ते फसलं तेव्हा त्यानं आयुष्यात पहिल्यांदा त्या निळ्या पडद्याचे आभार मानले.

मागच्या कापडी पडद्याआड कात्री वाजली. कच्. कच्.

तो धावला. आवाज थांबला. स्टूल रिकामं. स्टुलावर तिचा चष्मा, दवाखान्यात नेताना रिक्षात फुटलेला. अख्खा. काचेवर बोटाचा ओला ठसा.

सामान आलं होतं. माणूस यायचं बाकी होतं.

त्यानं ललितला फोन लावला. "ललित, अपग्रेड फसाडनं व्हई ते काय करनं पडी?"

"ते तुले करनं पडत नही, भो. ते आपोआप व्हई जास."

पाचवा प्रयत्न. तौफिक खुर्चीत बसला, पाठ कापडी पडद्याकडं, नजर आकड्यावर. एकाहत्तर गेले. ऐंशी गेले. एरवी मंत्र्याच्या भाषणातही जाणारी वीज आज जागची हलेना. वायर उपटावी? पण मध्येच बंद पडलं आणि अम्मी अर्धीच आली तर?

नव्वद.

मागं कात्री वाजू लागली. यावेळी थांबेना.

पंच्याण्णव. खोबरेल तेलाचा वास आला. तिच्या केसांचा.

"फस ना," तो आकड्याला म्हणाला. "फस ना रे."

सत्त्याण्णव.

"तौफिक, मान वर."

तो आयुष्यभर द्यायचा तेच उत्तर त्यानं दिलं. मागं न बघता. "रुक अम्मी, दो मिनिट."

अठ्ठ्याण्णव.

पाठीमागून पांढरा लख्ख उजेड पडला आणि विझला.

शंभर.

'अभिनंदन! सर्व काही अद्ययावत आहे.'

तौफिक वळला. पडदा हलत होता. स्टुलावर काही नव्हतं, चष्माही नाही. बाहेर शटर हिरवं. नव्या प्रिंटरनं ओळख दिली होती. त्याच्या ट्रेमध्ये आठ फोटो पडले होते, कोमट, कापलेले, चौथा कोपरा तिरका. त्यानं ते पाहिले आणि उलटे ठेवले.

संगणकानं विचारलं: 'अपग्रेडचा अनुभव कसा वाटला?' तौफिक गावाचे अर्जही लिहून देतो. त्याच सवयीनं त्यानं लिहिलं:

'प्रति, मा. संबंधित अधिकारी.
विषय: यशस्वी झालेले अपग्रेड रद्द करणेबाबत.
महोदय, सदर अपग्रेड अर्जदाराच्या संमतीने परंतु इच्छेविरुद्ध पूर्ण झाले आहे. तरी केलेले बदल चौदा महिने मागे घेण्यात यावेत, ते शक्य नसल्यास किमान दोन मिनिटे मागे घेण्यात यावेत, ही नम्र विनंती.
सोबत: अर्जदाराचे पासपोर्ट फोटो, आठ प्रती. सर्व पाठमोरे.'