नव्वद दिवसांची ओळख

नवठाणात त्या सकाळी पहिला मेला तो नाना घारे. टाकीपाशी दात घासत उभा असताना जागल्यानं त्याला मानगुटीला धरून उचललं आणि भिंतीवर आपटलं, एकदा नाही, तीनदा. याच जागल्याला नानानं आठवड्यापूर्वी तेलपाणी केलं होतं. पण यंत्राला कसली आलीय ओळखदेख! सात वाजून चार मिनिटांनी नाना त्याच्या लेखी परका झाला होता.

पाच मिनिटांत चौकात अकरा प्रेतं पडली. डोंगर कोरून केलेल्या सर्व्हरच्या खोलीत, पोलादी दाराआड, प्रमिला हेंद्रे हे सगळं पडद्यावर बघत होती. वस्तीचा सर्व्हर तीच सांभाळायची. शेजारी तिचा जावई निशिकांत उभा होता. तो वस्तीचा आचारी. सासूबाईंना न्याहारी द्यायला आला आणि त्यामुळेच वाचला.

"आई, जागले बिघडलेत का हो?"

"नाही, जावईबापू. ते चोख चाललेत. चुकले मी."

वस्तीबाहेर लुटारूंच्या टोळ्या होत्या. चेहरा, आवाज, बोटांचे ठसे, सगळ्याची हुबेहूब नक्कल त्यांना जमायची. म्हणून जागले, म्हणजे पहाऱ्यावरची ती दोन माणसं उंचीची यंत्रं, डोळ्यांवर विश्वास ठेवतच नसत. प्रत्येकाच्या कानात एक बाळी असे. तिच्यात सर्व्हरनं सही केलेलं प्रमाणपत्र असे: हा माणूस आपला, अमुक क्षणापासून तमुक क्षणापर्यंत. मुदत नव्वद दिवसांची. एखादी बाळी चोरीला गेलीच, तर चोराला ती जन्मभर पुरू नये, एवढाच हेतू.

नूतनीकरणाला तारखा लक्षात राहत नाहीत, म्हणून लोकांनी त्याचा सणच करून टाकला होता. चैत्री पौर्णिमा, मग आषाढी, मग आश्विनी, मग पौषी. सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं, बाळीवर नवी सही घ्यायची आणि पुरणपोळी खायची. "तीन पौर्णिमा म्हणजे नव्वदाला दीड दिवस कमी. बिनघोर राहा," असं सभेत छातीठोकपणे सांगणारी प्रमिलाच होती.

"मग आषाढी तर अजून लांब आहे की," निशिकांत म्हणाला.

"तेच तर. यंदा ज्येष्ठ दोन आले. अधिक महिना आपल्या पंचांगात असतो, जागल्याच्या घड्याळात नसतो. वस्ती वसल्यापासून हा पहिलाच अधिक महिना, आणि माझ्या डोक्यात आलं नाही हो ते! धोंड्याचे अनारसे खाल्ले मी तुमच्या हातचे, तेव्हासुद्धा आलं नाही."

"द्या ना मग नव्या सह्या!"

"सर्व्हरचं स्वतःचं प्रमाणपत्रही आज सात वाजून चार मिनिटांनीच संपलं. त्याच्या सहीला आता जागले भीक घालत नाहीत."

एकच वाट उरली होती. भिंतीतला तांबडा खटका. तो ओढला की सर्व्हर आणि जागले, सगळ्यांची घड्याळं मागं जात. कुठंही नाही, नेमकी शेवटच्या सामूहिक सहीच्या क्षणाला, चैत्री पौर्णिमेला. मग सगळ्यांची जुनी प्रमाणपत्रं पुन्हा खरी होणार आणि अकरा मिनिटांत सर्व्हर नव्या सह्या करून मोकळा होणार.

"ओढा ना मग! लोक मरतायत!"

प्रमिलाचा हात खटक्यावर होता, पण ओढवत नव्हता. तिनं त्याच्याकडे न बघता सांगितलं, "कावेरीची बाळी तेरा दिवसांपूर्वीची आहे. बारशाला कान टोचले तेव्हाची. चैत्रात ती जन्मलेलीच नाही. अकरा मिनिटं सगळे आपले, फक्त ती परकी."

निशिकांत पडद्याकडे वळला. त्याची पंचवीस दिवसांची लेक कावेरी आणि बायको मृण्मयी दवाखान्यात होत्या. पडद्यावर दवाखान्याचं दार दिसत होतं. एक जागल्या ते ठोकून वाकवत होता. परक्या बाईनं आपलं मूल पळवलंय, अशी त्याची खात्री होती.

प्रमिलानं दवाखान्याचा फोन लावला. लेकीला तिनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पलीकडून पत्र्याचा आवाज आणि बाळाचं रडणं येत होतं.

"म्हणजे माझ्या कानातली चालेल, तिची नाही चालणार," मृण्मयी म्हणाली.

"हो गं."

"आई, ओढ तू."

"मृण्मयी, ऐक, पाळण्याखाली तिला..."

"चौकात माणसं कापली जातायत ना? ओढ म्हणते ना मी!"

प्रमिलानं खटका ओढला.

चौकातले जागले जागीच थांबले. एकानं एका बाईला अर्धवट पिळलं होतं. त्यानं तिला अलगद खाली ठेवलं. ती पडून राहिली. दवाखान्याचं दार मात्र आत कोसळलं. फोनवर मृण्मयी एकदा किंचाळली, मग हाडं मोडल्याचा आवाज आला, पुन्हा आला, आणि फोन बंद पडला.

अकरा मिनिटं गेली. मग सर्व्हर जागा झाला आणि पडद्यावर यादी उमटू लागली. निशिकांत यादीतली नावं बोटानं चाचपत खाली सरकत गेला.

"मृण्मयी हेंद्रे-सावर्डेकर, हजर, सुखरूप," त्यानं वाचलं आणि तो हुंदके देऊ लागला. "आहे! माझी मृण्मयी आहे, आई!" खालची ओळ त्यानंही वाचली होती: परके एक, ठार. बापच तो, ते रडं दोघींसाठी होतं. मग दार उघडून तो धावत सुटला.

प्रमिलानं त्याला थांबवलं नाही. जागले बाळीसोबत माणसाची नाडी आणि वजनही टिपत, आणि मृण्मयीच्या नावापुढे नाडी लिहिली होती: एकशे अडतीस. वजन: साडेतीन किलो.

लेकीनं स्वतःच्या कानातली बाळी काढून पोरीच्या कानात घातली होती.

सर्व्हर सहीसाठी खोळंबला होता. मृण्मयी, वय सव्वीस, नूतनीकरण करायचं का? 'नाही' म्हटलं, तर नात पुन्हा परकी ठरणार होती. 'हो' म्हटलं, तर तिची लेक मेल्याची नोंद या जगात कुठंच होणार नव्हती.

प्रमिलानं हो म्हटलं.