पायरीजवळची फळी

बाकाच्या त्या टोकाला नको, इकडे सरकून बसा. पांघरुणं घ्या, गारठा वाढलाय. आणि मध्येच 'मग काय झालं, मग काय झालं' करायचं नाही. मी सांगतोय ना?

ज्याच्यावर हे गुदरलं तो माझा जिवाभावाचा दोस्त. सभांची व्यासपीठं बांधायचा, म्हणून सगळे त्याला स्टेजवालाच म्हणायचे. थापाड्यांना जन्मभर उंचावर चढवलं बिचाऱ्याने, पण स्वतः कधी थाप मारली नाही.

जानेवारीतला शनिवार, पौर्णिमेची रात्र. नदीवरच्या पुलाचा खांब खचलाय अशी गावभर कुजबुज होती, म्हणून नगराध्यक्षांनी संध्याकाळी मैदानात सभा घेतली. "पूल ठणठणीत आहे!" छातीवर हात ठेवून म्हणाले. "खोटं बोलत असेन, तर या व्यासपीठावरून माझा पाय खाली उतरू नये!" टाळ्यांचा नुसता कडकडाट. स्टेजवाल्याच्या म्हाताऱ्या आईने मात्र कपाळाला हात लावला. "थंडीतल्या पौर्णिमेला शपथ घेऊ नये रे. चंद्र साक्षीला बसतो." तो हसला. म्हणाला, "आई, पुढाऱ्यांच्या शपथा चंद्राने मनावर घेतल्या असत्या, तर एक तरी पुढारी घरी पोचला असता का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी लांबच्या गावाला सभा होती. म्हणून पहाटे तीनच्या सुमारास तो टेम्पो घेऊन फळ्या काढायला गेला, एकटाच. मैदानात चिटपाखरू नव्हतं. अध्यक्षांची गाडी तेवढी उभी. आणि व्यासपीठावर अध्यक्ष.

"साहेब? अजून इथंच?"

"आलास? बरं झालं बाबा. हात दे, मला खाली उतरव." आवाज पार बसलेला. "सगळ्यांना म्हटलं, व्हा पुढे, मी येतोच. तेव्हापासून..."

स्टेजवाल्याने हात दिला. अध्यक्ष एक पायरी उतरले, दुसरी उतरले, आणि याच्या मुठीत नुसती हवा. अध्यक्ष पुन्हा वर, खुर्च्यांपाशी, धापा टाकत.

"मागून उडी मारा, साहेब."

मारली. धप्प आवाज झाला... तो फळ्यांवरच.

"फोन करा की कुणाला!"

अध्यक्षांनी फोन त्याच्यापुढे धरला. आतून त्यांचंच भाषण ऐकू येत होतं. पूल ठणठणीत आहे. पूल ठणठणीत आहे. फोन बंद होता, बरं का.

स्टेजवाल्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. पळणारच होता. तेवढ्यात त्याला ती शपथ आठवली, आणि भुताखेताची भीती कुठल्या कुठे गेली. दुसरीच भीती शिरली. त्याची लेक बस चालवायची. पहाटेची पहिली फेरी, पुलावरून, कारखान्याची माणसं घेऊन.

"साहेब... तुम्ही उतरू शकत नाही... म्हणजे पूल..."

अध्यक्षांनी मान फिरवली.

"खरं सांगा! माझी पोरगी पहाटेची बस नेते हो त्या पुलावरून! खरं बोललात तर तुमचीही सुटका होईल!"

अध्यक्षांचे ओठ हलले. "खांब... मला इंजिनिअरने..." त्यांचा एक पाय पायरीवर आला. टेकला. टिकला! त्यांनी खाली जमिनीकडे पाहिलं. मग गाडीकडे. मग रिकाम्या मैदानाकडे, जणू सगळं गाव ऐकायला बसलंय. कॉलर नीट केली.

"पूल," म्हणाले, "ठणठणीत आहे."

जित्याची खोड!

पाय पुन्हा फळीवर. अध्यक्ष रडायला लागले. "जाऊ नकोस रे... चंद्र मावळेपर्यंत तरी थांब..."

तो थांबला नाही. टेम्पो सुसाट सोडला. डेपोच्या फाटकातून बस बाहेर पडतच होती, हा पठ्ठ्या टेम्पो आडवा घालून उभा राहिला. "बाबा, वेड लागलंय का तुम्हाला?" लेक ओरडली. आतली माणसं शिव्या देत होती. कामाला उशीर होतोय, म्हाताऱ्याला बाजूला घ्या. त्याने चाकापुढे बसकण मारली. म्हणाला, "घाल माझ्या अंगावरून."

आणि नदीकडून पूल कोसळल्याचा आवाज आला...

शिव्या थांबल्या. लेकीने इंजिन बंद केलं, खाली उतरली, आणि बापाला घट्ट मिठी मारून तिथंच रस्त्यावर बसली.

उजाडल्यावर तो मैदानात गेला. चंद्र मावळला होता. गाडी तिथंच. अध्यक्ष नव्हते. ते कुठे गेले, आजवर कुणाला कळलेलं नाही. फक्त पायऱ्यांजवळच्या फळीत दोन खळगे पडले होते. बुटांच्या मापाचे. चवडे पायऱ्यांकडे. वर्षानुवर्षं माणसं ये-जा करून दगडी पायरी झिजते ना, तसे. फळी तर कोरी होती, आदल्याच दिवशी आणलेली.

ती त्याला जाळवेना, विकवेना. शेवटी माझ्या गळ्यात मारली. मी तिचा बाक केला.

अरे, उठता काय घाबरून? त्या टोकाला मी कुणाला बसू देतो का कधी? आता आलाच आहे विषय, आणि पौर्णिमाही आहे, तर ती सतरंजी बाजूला कर. घाल हात. बाकी फळी कशी आहे?

"बर्फ आहे, आजोबा."

आता त्या खळग्यात...

काय रे? बोल की. हात का काढलास?

"आजोबा... ऊनऊन लागतंय. कुणीतरी आत्ताच पाय उचलल्यासारखं."