चौकट रिकाम्या पाण्यावर

"जाळ्यावरून पाय काढा आधी!"

कॅमेऱ्याला डोळा लावून तो मागं मागं सरकत थेट आमच्या सुकत घातलेल्या जाळ्यावर आला होता. दचकून उडी मारली — आणि दुसऱ्या जाळ्यावर उतरला.

मी हसले नाही.

बरं… थोडीशी.

देवव्रत. हरिहरेश्वरचा, नारळ-सुपारीच्या वाडीतला. मुरुडला शिडाच्या होड्यांच्या शर्यतीचे फोटो काढायला आलेला.

"आणि तुम्ही?"

"कोकिळा. उद्या आमच्या होडीचं सुकाणू माझ्याकडं."

त्याच्या भुवया वर गेल्या नाहीत. अख्ख्या बंदरात तो पहिलाच.

(आमच्या पडवीच्या भिंतीवर शर्यतीत सुकाणू धरलेल्यांचे फोटो आहेत. आजोबा, काका, बाबा. बाई एकही नाही. यंदा बाबांचा खांदा दुखावला म्हणून सुकाणू माझ्याकडं आलं, असं लोक म्हणतात. चूक. मी मागून घेतलं.)

सगळीकडे चौकटी

संध्याकाळी त्यानं सरावाचे फोटो दाखवले. शिडाची शिवण स्पष्ट. दोरीचा पीळ स्पष्ट. मागं सुकाणूपाशी मी — धुरकट ठिपका.

"आपोआपवर ठेवला की फोकसच्या चौकटी सगळीकडे पेटतात, आणि कॅमेरा जवळचंच पकडतो," तो ओशाळला.

"मग दोरीशीच लग्न करा."

"बाकीच्या घालवून एकच छोटी चौकट ठेवता येते. तुमच्या चेहऱ्यावर. पण मध्ये शीड येतं…"

"होड्या जिथून मागं फिरतात त्या बांबूला वळसा घालताना शीड पलटतं. तेवढाच वेळ मी दिसते."

"किती वेळ?"

"दचकून उडी मारायला लागतो तेवढा."

तो हसला. छान हसतो. "मग चौकट ठेवू कुठं?"

पाण्यात रोवलेल्या बांबूच्या डाव्या अंगाला मी बोट दाखवलं. तिथं काहीच नव्हतं. पाणी.

"तिथं ठेव. मी येते त्यात."

"आणि नाही आलात तर?"

"तू म्हण. आणि येते म्हटलं ना!"

एकच चौकट

वारा. पुढं शेजारच्या एकदरा गावाची होडी. धक्क्यावरून कुणीतरी ओरडलं, "पोरगी बांबूला धडकल बघ!"

बांबू कानाजवळून गेला. शीड डोक्यावरून पलटलं. ऊन तोंडावर आलं —

गेलं.

आम्ही दुसरे आलो. गेल्या वर्षी बाबा तिसरे होते. हे मी त्यांना परत परत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी देवव्रत फोटो छापून घेऊन आला. कपाळावर चिकटलेले केस, आवळलेले ओठ, डोळे लख्ख. बांबू पुसट. बाबांनी फोटो उजेडात धरला. मग म्हणाले, "खिळा दे, बाय."

आजोबांच्या शेजारी ठोकला. कुणाला न विचारता.

"ह्यो फोटूवाला जेवायला थांबल ना?"

पडवीत

"एकदा तरी माझ्याकडं बघायचंस," देवव्रत पुटपुटला.

"शर्यतीत शिडाकडं बघतात."

त्याच्या गळ्यातला कॅमेरा मी काढून घेतला. डोळ्याला लावला. चौकटी कुठंकुठं पेटल्या — उंबरा, वाळलेले बोंबील, बाबांची पाठ. त्यानं दाखवलं तसं अंगठ्यानं सगळ्या घालवल्या. एक ठेवली. हळूहळू सरकवत त्याच्या डाव्या डोळ्यावर नेली.

"हलू नकोस."

"का?"

"आता बघतेय ना."