पत्र्यावरचे दोन ठोके

यात मी काही वाढवून सांगत नाही. वाढवून सांगण्याइतकं मनात आता काही हलतच नाही.

हे मागच्या मे महिन्यात घडलं. मुलुंडला, चेकनाक्याजवळच्या गोदामांच्या गल्लीत.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

नुकताच ट्रक हातात घेतलेल्या पोरांनो, तुमच्यासाठी लिहितोय. सावकाश वाचा.

मी आयुष्यभर ट्रक चालवला. आता नव्या पोरांना शिकवतो. तेव्हा शेजारच्या शकुताईंचा केतन माझ्याकडे शिकत होता. लायसन्स मिळालं होतं, नोकरीही ठरली होती.

गाडी मागे घेताना क्लीनर मागे उभा राहतो आणि पत्र्यावर हाताने ठोकतो. दोन हलके ठोके म्हणजे ये. एक जोराचा म्हणजे थांब.

माझा क्लीनर काशीराम. मालवणकडचा. बोटात तांब्याची जाड अंगठी, म्हणून त्याच्या ठोक्यात बारीक 'टण्' यायचं. तो मागे असला की मी कधी मान वळवून बघितलं नाही.

काशीराम त्याच वर्षी मार्चमध्ये तापाने गेला. मी खांदा दिला. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

तर त्या दुपारी स्टिअरिंगवर केतन, बाजूला मी. गाडी मागे घेऊन गोदामाच्या भिंतीला लावायची होती.

"काका, क्लीनर नाही. मागचं कसं कळणार?"

"खाली उतरायचं, बघायचं, मग चढायचं."

"एवढ्या उन्हात? तुम्ही पण ना, काका! गल्लीत कुत्रं नाही."

"तरी उतर."

त्याने हसत दाराला हात घातला. आणि मागून...

टक टक.

"घ्या, आला कोणीतरी! येऊ दे म्हणतोय." त्याने रिव्हर्स टाकला.

गाडी हलली.

टक टक...

त्यात बारीक 'टण्' होतं.

खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. उलट बरं वाटलं. काशीराम आहे मागे, मग कशाला बघायचं... माझी मान समोरच राहिली.

टक टक... टक टक...

मग खांद्याला ते ओझं आठवलं. तिरडीचं.

मी हँडब्रेक ओढला. गाडी गचका खाऊन बंद पडली.

सगळं गप्प. आरशात कोणीच नाही.

आम्ही खाली उतरलो. मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर, भिंतीच्या सावलीत, गोदामातला नंदू हमाल झोपला होता. तोंडावर गमछा. पोट संथ वरखाली होत होतं.

त्याला जागसुद्धा आली नव्हती.

केतन गाडीला फेरी मारून आला. "काका... ठोकत कोण होतं?"

"काशीराम."

"पण ते तर..."

"हो."

त्याने चाक आणि नंदू यांच्यामधलं अंतर बघितलं. मग म्हणाला, "मग त्यांनी थांब का नाही म्हटलं?"

इतक्या वर्षांत काशीरामने चाकाखाली कोंबडीसुद्धा येऊ दिली नव्हती.

म्हणून सांगतो पोरांनो. मागून कितीही ओळखीचा आवाज येऊ दे. स्वतः उतरा. स्वतः बघा.

केतन आता गुजरातच्या रस्त्याला असतो. परवा वापीहून त्याचा फोन आला.

"काका, मागे घेताना इथेही येतो आवाज."

"उतरतोस ना?"

"दर वेळी उतरतो. आजपण उतरलो. मागे एक बाई बसली होती, काका. भाजी निवडत."

मी म्हटलं, शाब्बास. असाच उतरत जा.

पोरगा गुणी आहे, ऐकतो. पण माणूसच आहे. दिवसरात्र गाडी हाकून एखाद्या दिवशी तो दमेल. खाली उतरायचा कंटाळा करेल.

काशीराम कधी दमायचा नाही.