जोडीदार बदलून हवाय!

लिफ्ट मध्येच अडकली तेव्हा चिऊने आधी सगळी बटणं दाबली, मग दार बडवलं, आणि मग — हे ती पुढे कुणालाच सांगणार नव्हती — चक्क भोकाड पसरलं. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसून घाबरट पेशंटांना "अहो, काही नाही होत" असा धीर देणारी ही मुलगी "आई गं, मला बाहेर काढा!" म्हणून किंचाळत होती. आवाज नाजूक म्हणून घरादाराने तिचं नाव चिऊ ठेवलेलं. त्या संध्याकाळी मात्र चिऊने अख्खी इमारत डोक्यावर घेतली.

दार किलकिलं झालं. वरच्या फटीतून ग्रीसने माखलेला एक हात आत आला, आणि त्यामागून दोन हसरे डोळे.

"हात द्या. वर ओढून घेतो."

"आणि पडले तर?"

"मी धरलंय ना!"

त्याने तिला अलगद वर घेतलं. साधं "थँक यू"ही न म्हणता, डोळे पुसत ती जिन्याने वर पळाली.

वर इंग्रजी बोलायला शिकवणारा क्लास होता. तिथल्या मॅडमची तऱ्हाच न्यारी. प्रत्येक शब्दाचं कार्ड त्या मधोमध वेडंवाकडं कापायच्या आणि अर्धं अर्धं वाटून टाकायच्या. ज्यांच्या कडा जुळतील, त्यांनी तासभर एकमेकांशी इंग्रजीत बोलायचं.

"पेअर अप म्हणजे दोघादोघांनी जोडी करणं," मॅडम सांगत होत्या. "टीम अप म्हणजे कामासाठी एकत्र येणं. जॉइन इन म्हणजे चाललेल्या गोष्टीत आपणही सामील होणं. आणि फिक्स अप म्हणजे दोघांचं तिसऱ्यानेच जुळवून देणं. ते काम माझं नाही हं!"

चिऊच्या हातात 'पेअर' आलं होतं. ती 'अप' शोधत असतानाच दारातून नवा विद्यार्थी आत आला. फडक्याला हात पुसत... तोच! लिफ्टवाला! उरलेलं कार्ड मॅडमनी त्याच्या हातात दिलं. कडेला कड बरोब्बर बसली.

"पुन्हा भेटलो," तो हळूच म्हणाला. "आता बरं वाटतंय ना?"

बरं कसलं! आता हा सगळ्यांसमोर सांगणार, ही लहान पोरीसारखी रडत होती म्हणून... चिऊचे कान तापले आणि तोंडातून नको ते निघून गेलं, तेही मोठ्याने.

"मॅडम, मला जोडीदार बदलून हवाय!"

क्लास खो खो हसला. त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि ते गुपचूप खिशात घातले.

"बरोबर आहे त्यांचं," तो म्हणाला. "हात फार घाण आहेत माझे."

चिऊला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हातांमुळे नाही हो, असं म्हणायला हवं होतं. पण मग कशामुळे, तेही सांगावं लागलं असतं. ती गप्प बसली, आणि त्या गप्प बसण्याची लाज तिला रडण्याहून जास्त वाटली.

पुढच्या वेळेपासून तो इस्त्रीचा शर्ट घालून येऊ लागला. घासून घासून हात लालभडक झालेले, साबणाचा वास पार तिच्या बाकापर्यंत. तिच्याशी कार्ड जुळतंय असं दिसलं, की तो शेजारच्या पेन्शनर काकांशी ते हळूच बदलून घ्यायचा. रागाने केलं असतं तर चिऊला चाललं असतं. पण तो तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून करत होता... काकांच्या इंग्रजीवर तो खळखळून हसला, की तिचं अर्धं लक्ष त्या बाकाकडे असायचं. घरी आल्यावर घास गोड लागेना. आपण या माणसाच्या प्रेमात पडलोय आणि आपल्याला त्याला तोंड दाखवायला जागा नाही, हे तिला पुरतं कळून चुकलं.

क्लासचा शेवटचा दिवस आला. बाहेर पाऊस. तो कामावरून थेट आला होता, केस भिजलेले, कोपरापर्यंत ग्रीस. कार्डं वाटली गेली. त्याने तिच्या कार्डाकडे एक नजर टाकली आणि आपलं काकांपुढे धरलं.

"काका, बदलता का?"

चिऊ उभी राहिली.

"मॅडम, जोडीदार बदलून हवाय."

"अगं, अजून जुळलाय कुठे?"

"त्याआधीच सांगतेय. मला... मला हे हवेत."

क्लासमध्ये एकच "ओऽऽ" झालं. काका लगेच उठले. "घ्या बाई, मी सोडलं यांना!"

ती त्याच्यासमोर जाऊन बसली.

"इंग्रजीत नाही जमणार मला."

"मग आपल्या भाषेत सांगा."

"तुमच्या हातांमुळे नव्हतं ते. मी लिफ्टमध्ये रडले... आणि तुम्ही ऐकलंत. मला लाज वाटली, आणि मी लाजवलं तुम्हाला. चुकले मी."

त्याने भुवया उंचावल्या.

"रडणं? मी नाही ऐकलं."

"खोटं!"

"आईला हाक मारलीत, तेवढं ऐकलं. मग देवाला. मध्येच डॉक्टरांनापण."

तिला हसू फुटलं, डोळेही भरले.

"आणि मी वेडा इतके दिवस हात घासतोय," तो म्हणाला. "साबणवाल्याचं भलं झालं नुसतं!"

क्लास सुटला. अडकल्या दिवसापासून चिऊने लिफ्टमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. त्याने दार उघडून धरलं.

"की जिन्याने जायचं?"

"नको..." म्हणत ती आत शिरली. लिफ्टने हिसका दिला आणि तिने त्याचा हात घट्ट पकडला, ग्रीससकट.

"घाबरू नका. मी धरलंय."

"या वेळी मी धरलंय," चिऊ म्हणाली. "आणि आता बदलून नकोय."

लिफ्ट खाली आली, दार उघडलं, तरी दोघांपैकी कुणीच बाहेर पडलं नाही.