छायाचित्रकार: प्रतिभा

हे खरंच घडलंय. माझ्या सख्ख्या मामेबहिणीच्या, सुलक्षणाच्या घरी, दौंड तालुक्यातल्या खुटबावला. आणि रात्रीबित्री नाही, गेल्या वैशाखात भर दुपारी!

सुलक्षणा ही रविराजची दुसरी बायको. पहिली, प्रतिभा, तापाने गेली. शिरूर-दौंडच्या जत्रांचे ढीगभर फोटो तिने काढून ठेवले होते. एका कॉलेजला ते आपल्या डिजिटल संग्रहात हवे होते.

अट एकच. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये त्याची माहिती भरायची. ठिकाण, तारीख, छायाचित्रकार. नाहीतर तो कुणी, कुठे काढला, हे पुढे कोण सांगणार?

काम सुलक्षणाकडे आलं. रविराज शेजारी बसून बघायचा.

"प्रतिभाची नजरच येगळी व्हती."

दर फोटोला हेच! सुलक्षणाच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. जिवंत बायको शेजारी, आणि कौतुक मेलेलीचं!

त्यात गळ्यात सवतीचा टाक. पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक दुसरीने घालायचा, नवी साडीसुद्धा आधी त्याला दाखवायची, ही घरची रीत.

त्या दुपारी रविराजबरोबर रानात जाताना सासू, झुंबरबाई, बजावून गेली. "टाक काढू नगंस, सूनबाई. तिला इचारल्याबिगर तिचं काय घ्यायचं न्हाई."

सुलक्षणाने टाक काढला. टेबलावर आपटला.

सगळे फोटो एकदम निवडले. छायाचित्रकार... प्रतिभाचं नाव पुसून स्वतःचं टाकलं.

सेव्ह.

वीज गेली. पंखा थांबला. लॅपटॉप तेवढा चालू.

आणि पाठीमागे आवाज झाला...

खट्.

कॅमेऱ्याचा!

प्रतिभाचा कॅमेरा तर कपाटात होता. बॅटरी काढलेला.

फोल्डरमध्ये शेवटी एक नवा फोटो आला होता. लॅपटॉपसमोर बसलेली बाई, पाठमोरी... मोकळ्या गळ्याची.

माहिती व्यवस्थित भरलेली. ठिकाण: खुटबाव. तारीख: आजची.

छायाचित्रकार: प्रतिभा.

सुलक्षणाने रडत रडत सगळी नावं पूर्ववत केली. टाक तेव्हापासून गळ्यातच आहे.

पण दोघांचा फोटो काही येत नाही. लग्न असो, बारसं असो, फोन कुणाचाही असो. रविराजदाजी मधोमध, हसत. सुलक्षणाचं फक्त कोपर.

मागच्या महिन्यात ती दोघं राहू गावी आमच्याकडे आली होती. मी स्वतः फोटो काढला. दोघांना नीट मध्ये घेऊन.

दाजी सुरेख आलेत... एकटेच.

फोटो अजून फोनमध्ये आहे. त्याची माहिती उघडून बघायची माझी हिंमत होत नाही.